दूरच्या संगणकावरील फाइल कोण उघडू शकतो, हे सांगणारा कोड कोठे चुकतो?

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये अधिसूचित झाले. लोकांची वैयक्तिक माहिती सांभाळणाऱ्याने सुरक्षेची वाजवी काळजी घेतली नाही, तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद या कायद्यात आहे. त्यामुळे आजवर संगणक सांभाळणाऱ्या माणसापुरता असलेला एक प्रश्न आता पतसंस्थेच्या संचालकांना, शाळेच्या मुख्याध्यापकांना आणि दवाखान्याच्या व्यवस्थापकांनाही विचारावा लागणार आहे: आपल्याकडील फाइली नेमक्या कोणाकोणाला उघडता येतात?

गोव्यात फोंड्याला मुख्य कार्यालय आणि साखळी, म्हापसा व काणकोण येथे शाखा असलेली एखादी पतसंस्था डोळ्यांसमोर आणावी. प्रत्येक शाखेत जाऊन, एकेका फोल्डरची माहिती उघडून, नावे कागदावर उतरवून घेणे कोणालाच परवडणारे नाही. म्हणून फोंड्याच्या संगणकावरून चालणारा एक छोटा कोड लिहिला जातो. तो शाखांतील फाइलींच्या परवानग्या वाचतो आणि एक्सेलमध्ये तक्ता तयार करतो. हा कोड लिहिणे अवघड नाही. त्याने दिलेले उत्तर खरे आहे की नाही हे ठरवणे मात्र अवघड आहे. लाल अक्षरांत चूक दाखवून थांबणारा कोड त्या मानाने निरुपद्रवी असतो, कारण काहीतरी बिघडले आहे हे तो सांगतो तरी. ज्या प्रश्नाला उत्तरच मिळाले नाही, त्याच्यापुढे 'परवानगी नाही' असे लिहून मोकळा होणारा कोड अधिक घातक असतो, आणि या विषयातील बहुतेक गोंधळ त्यातूनच निर्माण होतो.

परवानगी म्हणजे फाइलला जोडलेली यादी

विंडोजमध्ये फाइली ज्या पद्धतीने साठवल्या जातात तिला एनटीएफएस म्हणतात. ती १९९३ साली विंडोज एनटीसोबत आली. या पद्धतीत प्रत्येक फाइलला आणि फोल्डरला एक यादी जोडलेली असते. यादीतील प्रत्येक ओळ तीन गोष्टी सांगते: कोणाला, काय करण्यास, आणि मुभा आहे की मनाई. या यादीला एसीएल म्हणतात. येथून पुढे तिला नुसते 'यादी' म्हणू.

बहुतेक ओळी त्या फाइलसाठी मुद्दाम लिहिलेल्या नसतात, तर वरच्या फोल्डरकडून वारशाने आलेल्या असतात. थेट लिहिलेली मनाई आधी, मग थेट लिहिलेली मुभा, त्यानंतर वारशाने आलेली मनाई आणि शेवटी वारशाने आलेली मुभा, असा त्यांचा क्रम असतो. याचा अर्थ, थेट दिलेली मुभा वारशाने आलेल्या मनाईला मागे सारू शकते. 'मनाई नेहमीच वरचढ असते' असे गृहीत धरून लिहिलेला कोड येथे चुकतो, आणि मुभेच्या सगळ्या ओळींची नुसती बेरीज करणारा कोडही चुकतो.

दोन दारे आणि एक नोंदवही

फोंडा तालुक्यातील मोठ्या देवस्थानांच्या अग्रशाळा, म्हणजे भाविकांच्या मुक्कामाच्या इमारती, अनेकांनी पाहिलेल्या असतील. समजा, एका अग्रशाळेच्या आवाराच्या फाटकावर पहारेकरी आहे, आत प्रत्येक खोलीला कुलूप आहे आणि कोणती खोली कोणाला द्यायची याची नोंदवही व्यवस्थापकाकडे आहे. पहारेकऱ्याने आत सोडले तरी नोंदवहीत नाव नसेल तर खोली उघडत नाही; आणि नोंदवहीत नाव असूनही फाटकावरच अडवले, तर त्या नोंदीचा काही उपयोग होत नाही. आवारातच राहणाऱ्याला मात्र फाटकाचा प्रश्न येत नाही.

नेटवर्कवरून उघडल्या जाणाऱ्या फोल्डरलाही अशीच दोन दारे असतात. फाटक म्हणजे फोल्डर 'शेअर' करताना दिलेली परवानगी, आणि खोलीची नोंद म्हणजे एनटीएफएसची यादी. बाहेरून येणाऱ्याला दोन्हींपैकी जी कडक असेल तीच लागू होते; त्या संगणकासमोर प्रत्यक्ष बसलेल्याला फक्त दुसरी लागू होते. पॉवरशेल म्हणजे विंडोजला लिहून आज्ञा देण्याची सोय; तिच्यातील गेट-एसीएल ही आज्ञा केवळ एनटीएफएसची यादी देते. शेअरची परवानगी हवी असल्यास त्या संगणकाला गेट-एसएमबीशेअरॲक्सेस या वेगळ्या आज्ञेने विचारावे लागते. म्हापशाच्या लिपिकाला काणकोणच्या फोल्डरमधील फाइल बदलून ठेवता येते असे तक्ता म्हणतो आणि प्रत्यक्षात ती सेव्हच होत नाही, असे दिसले तर बहुधा कोडने पहिल्या दाराकडे पाहिलेलेच नसते.

नोंदवहीबाबत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. पणजीहून फोन करून 'जरा नोंदवही वाचून दाखवा' असे म्हणणाऱ्याला व्यवस्थापक आधी 'आपण कोण?' असे विचारणार. आपला कोड म्हणजे असाच बाहेरून फोन करणारा माणूस आहे, आणि त्याला मिळणारे उत्तर तो कोण म्हणून बोलतो आहे यावर अवलंबून असते.

यादी वाचण्यासाठीही परवानगी लागते

फाइलमधील मजकूर वाचण्याची परवानगी आणि त्या फाइलची यादी वाचण्याची परवानगी या विंडोजमध्ये दोन स्वतंत्र परवानग्या आहेत. फाइलच्या मालकाला यादी वाचण्याचा अधिकार सहसा आपोआप मिळतो. इतरांना तो यादीतूनच मिळावा लागतो. कोड ज्या खात्याच्या नावाने चालतो त्याला तो नसेल, तर संगणक ५ हा त्रुटी-क्रमांक परत करतो. त्याचा अर्थ 'प्रवेश नाकारला' असा आहे. कोणाला? तर विचारणाऱ्याला. फाइलवर कोणाकोणाला परवानगी आहे, याबद्दल या क्रमांकातून काहीच कळत नाही.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेतील, फाइल अस्तित्वात आहे का हे तपासणारी सोय अशा वेळी 'नाही' असेही उत्तर देऊ शकते: फाइल जागेवर असते, पण तिची माहिती विचारण्याची परवानगी नसल्यामुळे ती नाहीच असे सांगितले जाते. पॉवरशेलमध्ये काही जण त्रुटींचा त्रास नको म्हणून 'सायलेंटलीकंटिन्यू' लिहून ठेवतात, म्हणजे चूक झाली तरी गप्प राहून पुढे जावे. इतर भाषांत हेच काम रिकामा ट्राय-कॅच, म्हणजे चूक पकडून तिचे काहीच न करणारा कोडचा तुकडा, करतो. परवानग्या वाचणाऱ्या कोडमध्ये या दोन्ही सवयी मला अक्षम्य वाटतात. शंभर फोल्डरांपैकी तीस फोल्डरांनी उत्तर नाकारले असेल, तर ते तीस फोल्डर हेच त्या तपासणीचे सर्वांत महत्त्वाचे फलित असते, आणि या सवयींमुळे नेमके तेच पुसले जाते.

याच्याच जवळचा आणखी एक सापळा आहे. यादीखेरीज प्रत्येक फाइलला 'कोणी उघडली याची नोंद ठेवा' असे सांगणारी दुसरी एक यादीही असू शकते, आणि ती वाचण्यासाठी खास अधिकार लागतो. कोडने दोन्ही याद्या एकदम मागितल्या आणि तो अधिकार नसला, तर १३१४ हा त्रुटी-क्रमांक येतो आणि काहीच हाती लागत नाही. परवानग्यांची यादी तेवढी मागितली असती, तर ती मिळाली असती.

रिकामी यादी आणि नसलेली यादी

येथे थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण ही चूक वर्षानुवर्षे कोडमध्ये राहू शकते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

फाइलला यादी जोडलेली आहे, पण तिच्यात एकही ओळ नाही, अशा स्थितीत त्या फाइलवर कोणालाच प्रवेश मिळत नाही; उरतो तो मालकाचा यादी वाचण्याचा व बदलण्याचा हक्क. फाइलला यादी जोडलेलीच नाही, या स्थितीचा अर्थ बरोबर उलटा आहे: ती फाइल सर्वांना पूर्णपणे खुली असते. विंडोजचा नियमच तसा आहे. आता कोड लिहिणारा सहसा काय करतो? यादीतील ओळी मोजतो आणि संख्या शून्य आली की 'कोणालाही परवानगी नाही' असे लिहितो. दोन्ही प्रसंगी संख्या शून्यच येते. एका फाइलला कुलूप आहे आणि दुसरीचे दार सताड उघडे आहे, तरी तक्त्यात दोन्हींपुढे एकच शेरा पडतो. यात वाचताना अपयश आले हा तिसरा प्रसंग मिसळला आणि त्याचीही रिकामी यादी करून ठेवली, म्हणजे परस्परविरोधी अर्थांच्या तीन गोष्टी एकाच रकान्यात एकाच शब्दाने नोंदल्या जातात. असा तक्ता पाहून संचालक मंडळ निश्चिंत झाले, तर त्यात मंडळाचा दोष नाही.

यावरचा उपाय सोपा आहे. ओळी मोजण्यापूर्वी कोडने यादी आहे की नाही हे विचारावे, आणि तक्त्यात 'परवानगी आहे', 'परवानगी नाही' आणि 'कळू शकले नाही' अशी तीन उत्तरे असावीत. तिसऱ्या उत्तराच्या शेजारी त्रुटी-क्रमांक जसाच्या तसा लिहावा.

'पिंग होते आहे, म्हणजे नेटवर्क ठीक आहे'

दूरच्या संगणकाकडून कोडला उत्तर मिळाले नाही की ही पहिली हरकत नेहमी येते. पिंग म्हणजे दूरच्या संगणकाला नेटवर्कवरून दिलेली साधी हाक. तिला उत्तर मिळाले याचा अर्थ दूरचा संगणक चालू आहे आणि तेथवर वाट आहे, एवढाच. विंडोजमधील शेअर्ड फाइली ४४५ क्रमांकाच्या पोर्टवरून, म्हणजे संगणकाच्या त्या क्रमांकाच्या दारातून, मिळतात. डब्ल्यूएमआय ही दूरच्या संगणकाला प्रश्न विचारण्याची जुनी पद्धत १३५ क्रमांकाच्या पोर्टवर सुरुवात करून पुढचे संभाषण दुसऱ्याच, बदलत्या पोर्टवर नेते. पॉवरशेलची दूरस्थ जोडणी ५९८५ किंवा ५९८६ वापरते. नेटवर्कवरील ये-जा अडवणाऱ्या फायरवॉलने यांपैकी एक बंद आणि दुसरे उघडे ठेवलेले असू शकते. त्रुटी-क्रमांक ५३ आला तर नेटवर्कवरील पत्ता सापडला नाही, आणि १७२२ आला तर डब्ल्यूएमआयची वाट अडली, असे समजावे. या दोन्हींचा परवानग्यांशी संबंध नाही, त्यामुळे तेव्हा फोल्डरच्या परवानग्या बदलत बसणे म्हणजे चांगली घडी विस्कटणे होय.

घड्याळाचीही एक बाब आहे. मोठ्या कार्यालयांत लॉगिनची खातरजमा एक मध्यवर्ती सर्व्हर कर्बेरॉस नावाच्या पद्धतीने करतो, आणि दोन संगणकांच्या वेळेत पाच मिनिटांहून अधिक फरक पडला तर ती पद्धत ओळख नाकारते. पावसाळ्यात वीज वारंवार जाणाऱ्या गावांत, मदरबोर्डवरील बॅटरी संपलेला जुना संगणक पुन्हा चालू होतो तो मागची तारीख घेऊन. त्या दिवशी कोड चालला नाही, तर कोड तपासण्याआधी घड्याळ पाहावे.

'माझ्या संगणकावर तर चालते'

हे म्हणणे बहुधा खरे असते, आणि दोष कोठे आहे हेही त्यातूनच कळते. कोड हाताने चालवला, तेव्हा तो आपल्या नावाने चालला. तोच टास्क शेड्यूलरमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या विंडोजच्या सोयीत, रात्री दोन वाजता लावला, तेव्हा तो दुसऱ्याच खात्याच्या नावाने चालला. आपण लॉगिन केल्यावर दिसणारा 'झेड' ड्राइव्ह त्या खात्याला दिसत नाही, कारण नेटवर्क ड्राइव्हची जोडणी त्या त्या लॉगिनपुरती असते. म्हणून कोडमध्ये ड्राइव्हचे अक्षर न वापरता संगणकाचे आणि शेअरचे नाव असलेला पूर्ण नेटवर्क-पत्ता द्यावा.

याच जातीचा दुसरा दोष दोन टप्प्यांच्या प्रवासात दिसतो. फोंड्याहून साखळीच्या संगणकात शिरून, तेथून तिसऱ्या संगणकावरील फाइल विचारली, तर पहिला टप्पा यशस्वी होतो आणि दुसऱ्यावर प्रवेश नाकारला जातो. पॉवरशेलच्या दूरस्थ जोडणीत आपली ओळख एका टप्प्यापलीकडे आपोआप जात नाही, आणि ती तशी जाऊ नये हेच योग्य आहे. त्यापेक्षा तिसऱ्या संगणकाला फोंड्याहूनच थेट विचारणे बरे.

'ॲडमिनचे लॉगिन वापरले की झाले'

लहान कार्यालयांत मध्यवर्ती सर्व्हर नसतो. प्रत्येक संगणकावर वेगवेगळी खाती असतात आणि दोन्हीकडे एकच नाव व एकच पासवर्ड ठेवून काम भागवले जाते. विंडोज व्हिस्टापासून अशा स्थानिक ॲडमिन खात्याने नेटवर्कवरून प्रवेश केल्यास त्याचे ॲडमिनपण काढून घेतले जाते आणि त्याला साध्या वापरकर्त्याइतकेच अधिकार उरतात. विंडोजसोबत येणारे मूळ ॲडमिनिस्ट्रेटर खाते यातून सहसा वगळलेले असते. त्यामुळे संगणकासमोर बसून जे दिसते तेच त्याच खात्याने दुरून दिसत नाही, आणि लोक पासवर्ड पुन्हा पुन्हा तपासत राहतात.

रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या साठ्यात, बदल करून हे संरक्षण काढून टाकण्याची युक्ती सर्वत्र सांगितली जाते. ती चालते, पण एका संगणकाचा पासवर्ड फुटला की सगळ्या शाखा उघड्या पडाव्यात, अशी सोय त्यातून होते. सुरक्षा तपासण्यासाठी लिहिलेल्या कोडसाठी सुरक्षाच कमी करणे मला मान्य नाही.

नावांच्या जागी लांबलचक आकडे का येतात?

यादीत माणसांची नावे लिहिलेली नसतात. तेथे प्रत्येक खात्याचा ओळख-क्रमांक असतो, आणि आपल्याला दाखवताना संगणक त्याचे नाव शोधून देतो. 'एस-१-५-२१' ने सुरू होणारी आकड्यांची माळ तक्त्यात तशीच उमटली, किंवा १३३२ हा त्रुटी-क्रमांक आला, तर त्या क्रमांकाचे नाव सापडले नाही असा अर्थ होतो. ते खाते कदाचित काढून टाकलेले असेल. पण पुष्कळदा कारण निराळेच असते: क्रमांक काणकोणच्या संगणकावरील स्थानिक खात्याचा असतो, आणि त्याचे नाव कोड फोंड्याच्या संगणकाला विचारत असतो. नाव शोधून देणाऱ्या विंडोजच्या सोयीला 'कोणत्या संगणकावर शोधू?' हे सांगता येते. काहीच सांगितले नाही तर ती शोध आपल्याच संगणकापासून सुरू करते.

नाव सापडले नाही, हे निदान दिसते तरी. नाव सापडते आणि तरीही उत्तर चुकते, हा प्रकार अधिक फसवा आहे. 'एस-१-५-३२-५४४' हा ॲडमिनिस्ट्रेटर्स गटाचा क्रमांक जगातील प्रत्येक विंडोज संगणकावर एकच असतो. काणकोणच्या यादीत तो आला, तर फोंड्याचा संगणक त्याचे नाव अचूक सांगतो. त्यानंतर कोड 'या गटात कोण कोण आहे?' असे विचारतो आणि फोंड्याच्या ॲडमिनांची नावे काणकोणच्या फाइलीपुढे लिहून टाकतो. तक्ता नीटनेटका दिसतो, त्रुटी एकही नसते, आणि काणकोणच्या संगणकावर ज्या तात्पुरत्या कर्मचाऱ्याला कोणीतरी कधीकाळी ॲडमिन केले होते, त्याचे नाव कोठेच येत नाही. गटाचे सदस्य नेहमी ज्या संगणकाची यादी आहे त्याच संगणकाला विचारावेत.

परवानगीच्या प्रकाराबाबतही आकडे दिसतात. २०३२१२७ म्हणजे पूर्ण ताबा, १२४५६३१ म्हणजे बदल करण्याची मुभा, ११७९७८५ म्हणजे केवळ वाचन. कधी २६८४३५४५६ हा आकडा दिसतो. तोही पूर्ण ताब्याचाच, पण मोघम स्वरूपात लिहिलेला असतो आणि बहुधा पुढे तयार होणाऱ्या फाइलींसाठी असतो. ओळखीचे पहिले तीनच आकडे तपासून बाकीचे 'इतर' म्हणून सोडणारा कोड येथे पूर्ण ताबाच नजरेआड करतो.

दूरचा संगणक लिनक्सचा असेल तर

शाखांत फाइली ठेवण्यासाठी घेतलेली छोटी साठवण-पेटी आतून बहुधा विंडोजऐवजी लिनक्स या प्रणालीवर चालते. तेथे मालक, गट आणि इतर अशा तिघांसाठी वाचणे, लिहिणे आणि चालवणे या परवानग्या एका संख्येत बसवलेल्या असतात. कोडने ३३१८८ ही संख्या दाखवली तर घाबरण्याचे कारण नाही. फाइलचा प्रकार आणि परवानगी त्यात एकत्र आहेत, आणि प्रकार वेगळा काढून उरलेली संख्या अष्टमान पद्धतीत लिहिली की ओळखीची ६४४ मिळते, म्हणजे मालकाला वाचणे व लिहिणे, गटाला आणि इतरांना केवळ वाचणे. मालकही तेथे आकड्यानेच नोंदलेला असतो. एनएफएस या नेटवर्कवरून फाइली देण्याच्या पद्धतीने जोडलेल्या फोल्डरमध्ये १००१ क्रमांकाचा वापरकर्ता एका संगणकावर एक आणि दुसऱ्यावर दुसराच असू शकतो.

पायथन वापरणाऱ्यांनी आणखी एक सावधगिरी घ्यावी. हीच संख्या विंडोजवर मागितली, तर साध्या फाइलींसाठी ३३२०६ आणि केवळ-वाचनाची खूण असलेल्या फाइलींसाठी ३३०६० मिळते. एनटीएफएसच्या यादीचा तिच्याशी काही संबंध नसतो. प्रत्येक फाइलपुढे एकच संख्या येत असेल, तर कोड यादी वाचतच नाही असे समजावे.

शोधाची सुरुवात कोठून करावी?

एकच फाइल निवडावी, आणि तिच्यावर कोणाला काय परवानगी आहे हे त्या संगणकासमोर बसलेल्या माणसाकडून आयकॅकल्स या विंडोजच्याच आज्ञेने काढून घ्यावे. मग कोडचे उत्तर त्याच्या शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहावी. फरक दिसला, तर कोडच्या पहिल्याच ओळीत 'हूॲमआय' ही आज्ञा घालून तो कोणाच्या नावाने चालतो आहे हे छापून घ्यावे. त्यानंतर ४४५ क्रमांकाचे पोर्ट टेस्ट-नेटकनेक्शनने तपासावे, मग पत्ता, मग यादी वाचण्याचा अधिकार, आणि शेवटी नावांचे भाषांतर. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. पासवर्ड, फायरवॉल आणि फोल्डरची परवानगी हे सगळे एकाच दुपारी बदलले, तर कोड चालू लागला तरी तो कशामुळे चालू लागला हे कधीच कळत नाही.

यादी वाचणारे खाते हाच धोका नाही का?

ही शेवटची हरकत रास्त आहे. सर्व शाखांत शिरू शकणारे एक खाते आपणच तयार करत असतो, आणि त्याचा पासवर्ड बहुधा कोडमध्येच उघडपणे लिहिलेला सापडतो. मात्र मजकूर वाचणे आणि यादी वाचणे या परवानग्या वेगळ्या असल्यामुळे येथे चांगला मार्ग उपलब्ध आहे: तपासणीसाठी वेगळे खाते करून त्याला फोल्डरांतील नावे पाहण्याची आणि यादी वाचण्याची परवानगी द्यावी, फाइलींतील मजकूर वाचण्याची देऊ नये. विंडोजच्या प्रगत परवानग्यांत फोल्डरातील नावे पाहणे आणि फाइलीतील मजकूर वाचणे यांसाठी एकच खूण असते, म्हणून ती परवानगी 'फक्त हे फोल्डर आणि उपफोल्डर' एवढ्यापुरती आणि 'रीड परमिशन्स' ही परवानगी फाइलींसह सर्वांसाठी, अशा दोन वेगळ्या ओळी लिहाव्या लागतात. दोष शोधताना तात्पुरते दिलेले ॲडमिनचे अधिकार दोष सापडला त्याच दिवशी काढून घ्यावेत, आणि ते निघाले की नाही हे त्याच कोडच्या पुढच्या तक्त्यात पाहावे.